शुगर नॉर्मल, इन्सुलिन चोवीस

मानेवरचा काळेपणा हा आमच्या घरी स्वच्छतेचा विषय होता. आई रविवारी डाळीचं पीठ आणि हळद कालवून बसायची, "मान जरा नीट घासत जा गं." घासून कातडी लाल व्हायची, काळेपणा तसाच. पाळी दोन-दोन महिने गायब. हनुवटीवर राठ केस. या सगळ्याचा मानेशी संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी मात्र सोनोग्राफीच्या आधी माझी मानच बघितली.

त्याआधी एकदा उपाशीपोटी शुगर तपासून झाली होती. नॉर्मल. "वजन कमी करा" एवढं ऐकून मी घरी आले होते. मॅडमनी ग्लुकोज टेस्ट सांगितली. 75 ग्रॅम ग्लुकोजचं ते पाणी पाच मिनिटांत संपवायचं असतं आणि तिसऱ्या घोटाला मळमळायला लागतं. उपाशीपोटी साखर 92, दोन तासांनी 158. दोन तासांनंतरचा आकडा 140च्या आत हवा, 200 किंवा वर गेला की मधुमेह. मी मधे लटकलेली. उपाशीपोटी इन्सुलिन 24, म्हणजे चढंच. त्यावर मॅडम म्हणाल्या, "इन्सुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो, त्याच्या फार नादी लागू नकोस. दोन तासांची साखर बघ."

निदान पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा अंडाशयाशी संबंधित विकार. पण मला खरं कळलं ते त्यांनी पॅडवर काढलेल्या वेड्यावाकड्या चित्रातून. स्नायू इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आत घ्यायला सांगणाऱ्या हार्मोनला, दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. त्या जोरावर साखर आटोक्यात राहते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. अंडाशय मात्र बहिरं झालेलं नसतं. ते त्या जादा इन्सुलिनचं ऐकतं आणि पुरुषी हार्मोन्स जास्त बनवतं. त्यातच यकृतात तयार होणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी होतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. मग अंडं वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, केस येतात. मानेवरची कातडी जाड आणि काळी होते तीही इन्सुलिनमुळेच. आईचं डाळीचं पीठ त्या दिवशी स्वयंपाकघरात परत गेलं.

घरच्या ग्रुपवर बातमी फुटताच दोन पक्ष पडले. काका दीक्षितवाले, दिवसातून दोनदाच जेव. मामी दिवेकरवाल्या, दर दोन तासांनी खा. मी दोघांनाही अंगठा दाखवला, म्हणजे व्हॉट्सॲपवरचा. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पीसीओएससाठी अमुक एकच आहार सरस, असं सिद्ध झालेलं नाही; जो वर्षभर जमेल तो आपला.

माझ्या ताटात फार काही बदललं नाही, प्रमाण बदललं. पोहे राहिले, पण निम्मे. सोबत वाटीभर मोड आलेली मटकी. जेवायला आधी काकडी-टोमॅटो आणि उसळ, भात शेवटी. "ज्वारीची भाकरी कितीही चालेल ना?" या प्रश्नावर बाई हसल्या. भाकरीही शेवटी पिष्टच, दोन म्हणजे दोन. सर्वांत अवघड गेला उपवास. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर गोड चहा, म्हणजे साखरेला आवतणच. आता वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी जास्त, आणि ताक. आजीला हे पटायला वेळ लागला.

जेवण झालं की वीस मिनिटं चालणं. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता साखर ओढून घेतात, म्हणून वजनकाटा ढिम्म असतानाही चालायचं सोडलं नाही.

मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहातही देतात ती गोळीही सुरू झाली. सुरुवातीला पोट इतकं बिघडायचं की ऑफिसात मी बाथरूमजवळची जागा पकडायचे. जेवणासोबत गोळी आणि डोस हळूहळू वाढवल्यावर बरं वाटलं. बी-12 जीवनसत्त्व अधूनमधून तपासावं लागतं, कारण ही गोळी ते कमी करते आणि मी पक्की शाकाहारी.

वजन साधारण सात टक्के उतरलं, तशी पाळी महिन्याच्या आसपास येऊ लागली. मान उजळली, पूर्ण नाही. हनुवटीवरचे केस मात्र हटलेले नाहीत. एकदा राठ झालेले केस आहाराने जात नाहीत, हे पार्लरवाल्या ताईला माझ्याआधी माहीत होतं. लेझरसाठी पैसे साठवतेय. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे ग्लुकोज टेस्ट अधूनमधून करायचीच आहे. पुढच्या वेळी धाकट्या बहिणीलाही सोबत नेणार आहे. तिचीही मान हल्ली काळवंडायला लागली आहे.