पॅडलबोर्डच्या वल्ह्याची दुरुस्ती : पात्याची कड आता कुठवर आली

उन्हाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणाचे पाणी उतरले की काठालगतचा काळा पाषाण वर येतो, आणि जो वर येत नाही तो पाण्याखाली वीतभर खोलीवर असतो. माझ्या पॅडलबोर्डच्या, म्हणजे उभे राहून वल्हवायच्या फळीच्या, कार्बन फायबरच्या वल्ह्याची कड अशाच एका खडकावर आपटून उलली. पावसाळ्याच्या दमट हवेत इपॉक्सीवर, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर टणक होणाऱ्या रेझिनवर, चिकट थर येण्याचा धोका असल्याने हे काम मी हिवाळ्यावर ढकलले होते.

चीर दिसते तेवढीच असते असे नाही. रुपयाच्या नाण्याने पाते ठोकत गेल्यास धड भागातून खणखणीत आवाज येतो, तर थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो; त्या बद्द भागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली तेव्हा तो चिरेच्या दुपटीहून मोठा निघाला. आतल्या फोमच्या गाभ्यात पाणी मुरले असेल, तर वरून केलेली कोणतीही डागडुजी टिकत नाही. म्हणून पाते उभे टांगून सुकवले आणि स्वयंपाकघरातील काट्यावर रोज तोलले. वजन घटायचे थांबल्यावरच पुढचे काम हाती घेतले. सगळ्या दुरुस्तीत कंटाळवाणा टप्पा हाच, पण माझ्या मते निर्णायकही हाच.

त्यानंतर मास्क लावून, अंगणात, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने रंग व सुटे धागे घासून काढले आणि जागा स्पिरिटने पुसली. स्वस्त म्हणून पॉलिस्टर रेझिन घेण्याचा मोह टाळावा, कारण गाभा थर्मोकोलच्या जातीचा असल्यास ते तो विरघळवून टाकते. इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळले. हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर सुकत नाही, उलट कच्चे राहते. फायबरग्लास कापडाचे दोन तुकडे, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा मोठा, कडेवरून दुमडून दोन्ही अंगांना बसवले आणि त्यावर धुऊन कोरडी केलेली दुधाची पिशवी ताणून चिकटपट्टीने आवळली. इपॉक्सी त्या प्लॅस्टिकला धरत नाही, आणि पृष्ठभागही गुळगुळीत निघतो.

नाशिकच्या थंडीत रात्री इपॉक्सी जवळजवळ झोपी जाते, म्हणून पाते पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून आत जुना पिवळा बल्ब लावला होता. आता जोड टणक असून नाण्याचा आवाज सर्वत्र सारखा येतो. कड अजून किंचित जाड आहे; ती वॉटर पेपरने उतरवून, उन्हाने इपॉक्सी खराब होऊ नये यासाठी वर अतिनील किरण रोखणारे व्हार्निश द्यायचे आहे.

दांड्याचे काम किरकोळ होते. तीन तुकडे सुटे करून जोडांतील गाळ गोड्या पाण्याने धुतला आणि क्लॅम्पचा स्क्रू थोडा आवळला. त्या जोडाला तेल देऊ नये, कारण त्यावर वाळू चिकटते आणि दांडा ऐन वल्हवताना सरकतो.