बुंदीचा झारा

आत्याला फोटोसाठी खिडकीजवळ बसवलं आणि म्हटलं, "पाचच मिनिटं." ती नुसती हसली. माझी पाच मिनिटं तिला ठाऊक आहेत.

लेन्स घरचीच: +१० चा ५२ मिमी क्लोज-अप फिल्टर (एरवी लेन्सपुढे लावायचं भिंग), बेलोजवर म्हणजे घडीच्या भात्यावर चढवून मिररलेस कॅमेऱ्याला जोडलेला. फोकल लेंग्थ १०० मिमी. एकच साधी काच, त्यामुळे कडेचे किरण मधल्यांच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पूर्ण उघडी ठेवली की चेहरा दुधात बुडतो. म्हणून पुढे चकती. रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीच्या इमागॉन या मऊ, धूसर चित्र देणाऱ्या लेन्सला १९३० च्या सुमारास अशाच भोकांच्या चकत्या यायच्या. मधलं मोठं भोक रेखीव प्रतिमा देतं, भोवतालची बारीक भोकं तिच्यावर धुकं चढवतात.

माझी चकती काळ्या कार्डशीटची. मध्ये १५ मिमीचं भोक, भोवती ३ मिमीची सोळा, पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या चामड्याच्या पंचने पाडलेली. आत्याने हातात घेऊन पाहिली. "अगं, हा तर बुंदीचा झारा!"

पहिले बारा फोटो वाया गेले. उघड्या लेन्सवर डोळ्यांवर फोकस केला आणि मग चकती लावली. कडेचे किरण अडले की फोकस मागे सरकतो, हे वाचलेलं होतं, पण हात ऐकतात थोडेच! डोळे पुसट, कानातली कुडी लख्ख. (आत्याला नेमका तोच फोटो आवडला.) आता चकती लावूनच, चित्र मोठं करून फोकस करते. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) इथे काही कामाचं नाही.

तरी धुकं जास्तच वाटलं. हिशेब केला: क्षेत्रफळाने ३९ टक्के प्रकाश बारीक भोकांतून येत होता. एक सोडून एक भोक चिकटपट्टीने बुजवलं, तो २४ टक्क्यांवर आला. मग जमलं. काळ्या दारापुढे पांढऱ्या केसांभोवती हलकी प्रभा, आणि पापण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. तीच चकती, पण मागे पांढरी भिंत घेतली तर सगळं नुसतं मळकट. कडांची जांभळी झाक मी कृष्णधवल करून लपवली, हे कबूल.

खिडकीबाहेरच्या कढीलिंबातून येणारे उन्हाचे कवडसे मात्र फोटोत भोकाभोकांचे उमटले. एकेक कवडसा म्हणजे छोटा झाराच. ते मला अजिबात आवडत नाहीत.

बारीक भोकं सगळी बुजवून तुलना करायची राहिली होती, पण आत्या कुकर लावायला उठली. ती तुलना मग खुर्चीवर तांब्या ठेवून उरकली.