दादर ते फोर्ट, पुस्तकांच्या वाटेने

एखाद्या वस्तीत कोण राहतं हे जाणून घ्यायचं असेल, तर तिथल्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन थोडा वेळ उभं राहावं. मी शाळेत मराठी शिकवते. शनिवारी शाळा लवकर सुटते आणि ती दुपार मी मुंबईतल्या अशा दुकानांसाठी राखून ठेवते. मॉलमधलं दुकान अंधेरीत काय नि ठाण्यात काय, सारखंच. दारात त्याच खपाऊ पुस्तकांचे ढीग. गल्लीतल्या दुकानाचं तसं नसतं. समोरून येणारा माणूस काय मागणार, हे त्याला माहीत असतं.

दादर पश्चिमेला उतरून भाजीवाल्यांच्या गर्दीतून छबिलदास शाळेच्या गल्लीत शिरलं की आयडियल हे पुस्तकांचं दुकान लागतं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मागणारी मुलं, पोथी मागणाऱ्या आजी, दिवाळीच्या आधी अंकांसाठी पिशवी घेऊन आलेले गृहस्थ, सगळे एकाच काउंटरला खेटून उभे. याच गल्लीतल्या शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं केली. जवळच शिवाजी मंदिर नाट्यगृह, तिथे मॅजेस्टिकचं दुकान. नाटकांच्या संहिता हव्या असतील तर मी दादरलाच जाते. एकदा माझ्या शेजारी एक तरुण येऊन म्हणाला, “काका, एकांकिका हवीय. दोन बायका, तीन पुरुष, सेट साधा.” काउंटरवरच्या काकांनी संगणकाकडे पाहिलंही नाही. वरच्या फळीवरून तीन पुस्तकं काढली आणि म्हणाले, “हिच्यात बायकांना काम चांगलं आहे. पण प्रयोगाची परवानगी आधी काढा.” या माणसाने आयुष्यभर पुस्तकं नुसती विकली नाहीत, ती कुठे आणि कशी वापरली जातात हेही बघितलं. कुठल्या संकेतस्थळावर तुम्ही ‘सेट साधा’ असं लिहून शोधणार?

एक स्टेशन पुढे माटुंगा. तिथे गिरी ट्रेडिंगमध्ये पूजेच्या सामानाशेजारी तमिळ आणि संस्कृत स्तोत्रांची पुस्तकं, कारण गिऱ्हाईकच ते. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत इंजिनिअरिंगचे जाडजूड ग्रंथ सापडतात. व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंगचं कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे.

गिरगावात मात्र माझा पाय अडखळतो. केशवराव कोठावळ्यांनी मॅजेस्टिक बुक स्टॉल इथे सुरू केला. ज्या मॅजेस्टिक सिनेमावरून हे नाव आलं, तिथे 1931 साली ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट लागला होता. पुढे कोठावळ्यांनी 1964 मध्ये ‘ललित’ काढलं. नवीन पुस्तकांची खबर देणारं ते मासिक आमच्या घरी मामा आणत, आणि कुठलं पुस्तक मागवायचं यावर रात्री जेवताना चर्चा चाले. आता चाळींच्या जागी टॉवर आले. इथली मराठी घरं बोरिवली, डोंबिवली, विरारला पांगली. वाचणारा माणूस दोन तासांच्या लोकलपलीकडे गेला, तर दुकानाने काय करावं? लोक आता वाचत नाहीत, हे मला पटत नाही. लोक हलले, हे खरं.

तिथून चालत प्रिन्सेस स्ट्रीटला यावं. आर. आर. शेठ हे 1926 पासूनचं गुजराती पुस्तकांचं घराणं. मला गुजराती लिपी अडखळत वाचता येते, तरी बालविभागात मी रमते. अर्धा तास चालण्यात भाषा बदलते, हे पायांना कळतं.

आणि फोर्ट. टी. एन. शानभागांनी 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोटासा स्टॉल टाकला, तोच पुढे पी. एम. रोडवरचा स्ट्रँड बुक स्टॉल झाला. विद्यार्थी असताना एका दुकानात पुस्तक चाळताना झालेला अपमान त्यांच्या मनात राहिला होता, असं सांगतात. म्हणून त्यांच्याकडे कुणीही, कितीही वेळ पुस्तक हातात घेऊन उभं राहावं. वर किमतीत सूट. पगार हातात पडायला लागल्यावर मी पहिली महागडी पुस्तकं घेतली ती तिथेच. शानभागांना 2003 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 च्या फेब्रुवारीत दुकान बंद झालं. शेवटच्या दिवसांत मी गेले, तेव्हा फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या आणि लोक एकमेकांना आपण इथून काय काय घेतलं ते सांगत होते. अनोळखी माणसं, पण घरातलं कुणी गेल्यासारखी बोलत होती.

त्याच पी. एम. रोडवर बोटावाला चेंबर्सच्या प्रवेशद्वाराच्या बोळात स्मोकर्स कॉर्नर, नाव काहीही असलं तरी दुकान पुस्तकांचंच. कावसजी पटेल स्ट्रीटवर पीपल्स बुक हाउस, लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थेचं. कामगार चळवळ, जातिव्यवस्था, शेतीचा प्रश्न, या विषयांवर मराठीत काय लिहिलं गेलंय ते बघायला माझ्या माहितीत यासारखी जागा नाही. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पूर्वी पुस्तकांच्या भिंती उभ्या असायच्या. 2005 मध्ये महापालिकेने बहुतेक विक्रेत्यांना उठवलं. ते मला आजही चुकीचं वाटतं. पदपथ मोकळा झाला, पण कमी पैशांत वाचणाऱ्यांची सोय गेली.

महात्मा गांधी रस्त्यावरचा किताबखाना डिसेंबर 2020 मध्ये आगीत सापडला. जी पुस्तकं जळली नाहीत तीही धूर-पाण्याने गेली. 2021 च्या मार्चमध्ये त्यांनी पुन्हा दार उघडलं, तेही टाळेबंदीने सगळ्यांचे धंदे बसलेले असताना. मराठीचं कपाट पुन्हा लागलेलं बघून मी त्या दिवशी ठरवलं होतं त्याहून जास्त खर्च केला.

दुकानात उभं राहून मोबाइलवर किंमत ताडून बघणारे दिसले की मला वाईट वाटतं. दुकानदाराने भाडं भरायचं, फळ्या लावायच्या, पुस्तक ओळखून तुमच्या हातात द्यायचं, आणि पैसे जायचे दुसरीकडेच. शंभर रुपयांचं का होईना, एक पुस्तक घेतल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. हवं ते नसेल तर मागवायला सांगते; वहीत नाव लिहून घेतात आणि आलं की फोन करतात.

फोर्टात जायचं असेल तर शनिवारी दुपारी जा, रविवारी अर्ध्या फोर्टला कुलूप असतं. आधी पीपल्स बुक हाउस करा, किताबखाना शेवटी ठेवा. तिथे बसून चाळायला जागा आहे आणि तोवर पाय दुखायला लागलेले असतात.