भंडारदरा पक्कं!

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले आणि बेत ठरला. शेंडी गावाकडून आर्थर लेकमध्ये, म्हणजे विल्सन धरणाच्या जलाशयात, कयाक सोडायच्या आणि वल्हवत रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी गाठायची. दुपारनंतर वारा उठला की हात भरून येतात, म्हणून तांबडं फुटतानाच पाण्यात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टीचा पोहणारा असला तरी. यावर मी कुणाचंही ऐकणार नाही. तंबू अमृतेश्वर मंदिराच्या बाजूला, काठापासून चांगले वर. जेवण गावातच, पिठलं-भाकरी.

नकाशा बघताना लक्षात आलं, १९२६ साली जिच्यावरचं विल्सन धरण पूर्ण झालं ती प्रवरा रतनगडावरच उगम पावते. म्हणजे आपण नदीच्या उगमाच्या दिशेने वल्हवत जाणार! तेव्हापासून अंगावर काटा आहे. वॉटरप्रूफ बॅग कुणाकडे जादा असेल तर आजच कळवा.