शेव सोसते, पोळी सोसत नाही

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला डबा घेऊन बोलवायचं आणि माझ्यासमोर जेवायला लावायचं, ही माझी आहारतज्ज्ञ म्हणून जुनी पद्धत आहे. रुग्ण डायरीत खोटं लिहितात असं नाही. पण ‘एक पोळी, अर्धी वाटी भाजी’ एवढंच तिथे असतं. ती पोळी किती वेळात गेली, मधे पाणी प्यायलं का, कितव्या घासाला हात छातीवर गेला, हे बघावंच लागतं. आमच्या ओपीडीत यासाठी वेगळी जागा नाही. वजनकाट्याच्या खोलीतच एक टेबल ओढून घेते. वीस मिनिटं एका रुग्णाला दिली की बाहेर रांग कुरकुरते आणि व्यवस्थापनही.

काकू लोकमान्य नगरातून येतात, पन्नाशीच्या. त्यांची स्लीव्ह झाली होती, म्हणजे जठराचा सुमारे ऐंशी टक्के भाग काढून केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवलेली. ११२ किलोंवरून तीन महिन्यांत ९४ वर आल्या, आणि तिथून पुढे दोन महिने काटा हलेना. त्यात आठवड्यातून तीन-चार उलट्या, केस मूठमूठ गळणं आणि पायांना मुंग्या. मुंग्या ऐकल्याबरोबर मी आधी सर्जनना फोन केला. सारख्या उलट्या होत असतील तर बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार लवकर संपतं, शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. घराजवळच्या एका दवाखान्यात त्यांना ‘अशक्तपणा’ म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावलं होतं. बी-वन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. शस्त्रक्रियेची फाइल सोबत होती, ती तिथे कोणी उघडलीसुद्धा नाही. याचा मला आजही राग येतो. आमच्याकडे त्याच दिवशी थायमिनची इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासलं. नळी कुठेही आवळलेली नव्हती.

मग अडतंय कुठे? दोन दिवसांनी त्या सुनेबरोबर डबा घेऊन आल्या.

पोळी-भाजी उघडली. पहिला घास बऱ्यापैकी मोठा, पाच-सहा वेळा चावला आणि वर पाण्याचा घोट. दुसराही तसाच. तिसऱ्या घासाला नाक गळायला लागलं, लागोपाठ दोन शिंका आल्या. बाहेरच्या माणसाला ही सर्दी वाटेल. आम्हाला ती खूण कळते: नळी भरली, थांबा. काहींना उचकी लागते. काकू थांबल्या नाहीत, चौथा घास गेला आणि तोंडात पांढरी फेसाळ लाळ दाटली. त्या बेसिनकडे धावल्या. नीट न चावलेली पोळी ओली झाली की तिचा कणकेसारखा गोळा होतो आणि अरुंद नळीत अडकतो. आमच्या माळव्यातला बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, तर याहून वाईट.

तोंड धुऊन आल्या आणि पर्समधून दुसरी डबी काढली. रतलामी शेव, वर जिरावन मसाला भुरभुरलेला. डबी काट्यावर ठेवायला मागितली: ५० ग्रॅम. बोलता बोलता ती डबी रिकामी झाली. शिंक नाही, उचकी नाही, छातीवर हात नाही.

‘‘काकू, अशी दिवसातून किती वेळा?’’

‘‘तीनदा. कधी चारदा. मॅडम, तुमच्या कागदावरच लिहिलंय ना, सोसेल ते खा म्हणून? पोळी सोसत नाही, पनीर सोसत नाही. शेव सोसते. आणि बेसनच आहे, म्हणजे डाळच ती.’’

सून लगेच म्हणाली, ‘‘आई चोरून काही खात नाहीत हं मॅडम. आमच्यासमोरच खातात.’’

ते खरंच होतं, आणि म्हणूनच हा प्रसंग डोक्यातून जात नाही. या बाईंनी एकही सूचना मोडलेली नव्हती. शेव लाळेत विरघळते, तिचं पातळ पीठ होतं आणि ते नळीतून सरळ खाली घसरतं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. ५० ग्रॅम शेवेत पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. ती देणारं वरण, पनीर, अंडं नळीत थांबतं, जड वाटतं. ते जड वाटणं म्हणजेच शस्त्रक्रियेचा उपयोग होतोय. काकूंना तो त्रास वाटला आणि जे बिनत्रासाचं, ते त्या खात राहिल्या.

आमच्या डिस्चार्जच्या कागदावर ग्रीक योगर्ट आहे, ट्यूना आहे. ज्या गावात पोह्यांवर, वरणावर, दहीभातावर शेव पडते, त्या गावच्या कागदावर शेवेचा उल्लेख नाही. कुठून तरी उचललेला कागद आहे तो. शस्त्रक्रियेआधीच्या-नंतरच्या फोटोंचे मोठे फलक लावायला पैसे असतात, हा एक कागद नीट करून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

मी विचारलं, भूक लागते का? भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या कापून टाकलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक मंदावते. ‘‘भूक नाहीच हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. दाताखाली काही कुरकुरीत यावं असं इतकं वाटतं की झोप येत नाही.’’ मग महालक्ष्म्यांचं निघालं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळा स्वयंपाक त्यांनी केला. पंगत वाढली. सगळे उठल्यावर स्वतः बसल्या तर दोन घासांत संपलं, आणि नणंदा म्हणत राहिल्या, ‘‘घे गं थोडं, देवीचा प्रसाद आहे.’’ त्यांनी घेतलं आणि मागच्या अंगणात जाऊन उलटी केली. हे सांगताना रडल्या. प्रसाद उलटून पडला याचंच त्यांना जास्त लागलं होतं. आग्रह करणाऱ्यांना जरा ओरडायला हवं, असं मी सुनेकडे बघून म्हणाले. ती मान खाली घालून हसली. घरात ते कोणी बोलणार नाही, हे मलाही कळलं.

आम्ही क्रम बदलला. आधी घट्ट मुगाचं वरण किंवा कुस्करलेलं ताजं पनीर, लहान मुलाच्या चमच्याने, प्रत्येक घासानंतर चमचा खाली. मग भाजी. पोळी शेवटी, दोन बोटांच्या चिमटीएवढी, तीही जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. कुरकुरीतसाठी सालं काढलेले फुटाणे, मूठभर, एकेक चावून. काकूंनी फुटाण्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांना ते शेवेच्या जागी चालणार नाहीत हे उघड होतं. मीही चालतील असं म्हटलं नाही.

उलट्या थांबल्या. मुंग्या कमी झाल्या, पूर्ण गेलेल्या नाहीत. काटा ९१ वर आला आहे. परवा सुनेचा फोन होता, दिवाळीचा चिवडा आईंना चालेल का? म्हटलं, थोडा डबीत घालून घेऊन या, माझ्यासमोर खाऊ देत.

कागदाचा नवा मसुदा मी मराठी आणि हिंदीत करून दिला आहे. तो अजून मंजूर व्हायचा आहे. तोवर ‘सोसेल ते खा’ या ओळीवर पेनाने काट मारते आणि खाली लिहून देते: शेव, फरसाण, पापड, बिस्किट सहज जाईल, सहज जातं म्हणून खाऊ नका.