एकोणचाळीस पूर्णांक अकरा

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. पंचगंगेचं पाणी ओसरून आठवडा झाला होता. बुडवलेल्या तासांची भरपाई करायची होती आणि नववीला आलेख शिकवायचे होते. मुलांना म्हटलं, पुस्तकातली उदाहरणं राहू देत, आपण नदीचाच आलेख काढू.

कोल्हापुरात जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सगळ्यांना तोंडपाठ असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आकडे तासातासाला मोबाइलवर फिरतात. मुलांनी ते घरच्यांच्या फोनवरून, वर्तमानपत्रांतून उतरवून आणले. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर पातळी. दोन दिवसांत आलेखकागद जमा झाले. रेषा सुबक, अक्षांना नावं, प्रमाण लिहिलेलं. मी वीसेक कागदांवर बरोबरची खूण करून टाकली.

तिसऱ्या दिवशी त्यातला एक आलेख फळ्यावर मोठा काढून घेतला आणि विचारलं, पाणी कधी चढलं, कधी उतरलं ते सांगा. एकजण उठून म्हणाला, ‘‘सर, इथं दुपारी एकदम खाली आलंय, मग संध्याकाळी परत वर.’’ मी ‘बरोबर’ म्हणणार, तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरून आवाज आला, ‘‘न्हाई सर. त्या दुपारी पाणी उतरलंच नव्हतं.’’

ही मुलगी प्रयाग चिखलीची. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी एक होऊन पंचगंगा होते ते हिचं गाव. एसटीनं येते, वर्गात फारसं बोलत नाही, गणितात कशीबशी पास होते. मी म्हटलं, अगं, आकडेच तसं सांगतायत. ती उभी राहिली. ‘‘त्या दुपारी आम्ही जनावरं सोनतळीला हलवायला घेतली होती. पाणी उतरत असतं तर कोण हलवतंय?’’

वर्ग गप्प झाला. मी मूळ आकडे मागवले. ३९ फूट ९ इंच, ३९ फूट १० इंच, ३९ फूट ११ इंच. आणि मुलांनी मांडलेले बिंदू होते ३९.९, ३९.१०, ३९.११. आलेखकागदावर ३९.१० म्हणजे ३९.१, आणि ३९.११ त्याच्या अगदी लगतच. म्हणून पाणी इंचाइंचानं चढत असताना रेषा धाडकन पाऊण फूट खाली आली होती. तपासताना माझ्या नजरेतूनही ती सुटली. मी रेषा बघितली, नदी बघितली नाही. वर्गापुढे तसं सांगितलं आणि खुणा केलेले कागद परत मागून घेतले.

पुढचा अर्धा तास मी शिकवला असं म्हणता येणार नाही. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. तो म्हणाला, ‘‘फुटाचे बारा इंच, इंचाची आठ सूत. दहाचा संबंधच कुठं येतोय?’’ त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं एका फुटाची रेघ ओढून तिचे बारा भाग पाडले, शेजारी तेवढ्याच रेघेचे दहा. नऊ इंचांची खूण दुसऱ्या रेघेवर ०.९ ला न येता साडेसातव्या भागावर आली, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंही पुढे सरकली. ९ भागिले १२ म्हणजे ०.७५. दशांश अपूर्णांक पाचवीपासून शिकलेली ही मुलं त्या खुणेकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहत होती.

आलेख नव्यानं काढले. आता रेषा न अडखळता वर गेली. पण ४३ च्या पुढे ती आडवी होऊ लागली, तेव्हा एकीनं विचारलं की तिथं पाऊस कमी झाला होता का. माझ्याकडे एक उत्तर तयार होतं, तरी मी चिखलीच्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘पाऊस कमी झाला असंल सर, पण तसंही वर गेल्यावर पाणी सावकाशच चढतंय. पात्रात असतंय तोवर भराभर वाढतंय. एकदा उसात शिरलं की पसरतंय.’’ रेषेचा चढ आणि पात्राची रुंदी यांचा संबंध मी दोन तासांत समजावला असता की नाही, कोण जाणे. उसाचं नाव निघाल्यावर सगळ्यांना तो लगेच कळला.

पुढच्या सोमवारी ती दप्तरातून सुतळीची गुंडी घेऊन आली. २०१९ च्या पुराची खूण त्यांच्या घराच्या भिंतीवर अजून आहे. तेव्हा ती चौथीत होती. उंबऱ्यापासून त्या खुणेपर्यंत मोजून तिनं सुतळीला गाठ मारून आणली होती. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला फळ्याशेजारी उभं केलं. तिनं सुतळीचं टोक त्याच्या पायाशी धरलं, मी दुसरं टोक ताणून वर नेलं. गाठ त्याच्या डोक्याच्याही वर गेली. कोणी काही बोललं नाही.

मापाची पट्टी लावली. ६ फूट ५ इंच. तिनं खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, ६.४२.

‘‘साडेसहा का नाही गं?’’ मागून कुणीतरी विचारलं.

‘‘पाच भागिले बारा,’’ ती फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाली आणि खाली भागाकार मांडू लागली.