चादरीची दुसरी बाजू

अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मी एक अद्भुत साहसकथा लिहितेय. विणकराची मुलगी लावण्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकातून एका नगरात उतरते. तिथे मागावर जे विणावं ते खरं होऊन जातं. किल्ला बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. सोलापूरच्या मुलांनी तो पाहिलेला असतो, म्हणून वाट तिथूनच. अद्भुताचं दार ओळखीच्या जागी असावं, यावर मी ठाम आहे.

पण पाचव्या प्रकरणाशी कथा अडली. हवं ते विणता येत असेल, तर लावण्याला भीती कशाची? आणि तिला भीती नसेल, तर मूल पुढचं पान कशाला उलटेल?

त्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात मास्तर खुणेनेच वर दाखवत होते. मागावर बसवलेल्या जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत होती. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. १८०४ सालापासूनची ही फ्रेंच युक्ती, आणि आजही तिच्यावर मोर उमटतात! एक कार्ड जागेवर नसलं की नक्षी बिघडते. मी लगेच टिपून घेतलं: चोर मोर नेणार नाही, कार्ड नेईल.

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले. मास्तरांनी तयार चादर उलटून दाखवली.

"बघा की ताई, इकडं पांढऱ्यावर लाल मोर, तिकडं लालवर पांढरा. दोन्ही पदर एकदमच विणतात. लाल धागा इकडं आला, की पांढरा तिकडं जातो."

मी ती चादर कितीतरी वेळ उलटसुलट करत बसले. कथेला हवा असलेला नियम माझ्या हातात होता. लावण्याने इकडे दिवा विणला, की चादरीपलीकडच्या नगरातला एक दिवा विझणार. तिची प्रत्येक जादू कुणालातरी महाग पडणार.

मास्तरांचा नातू डबा घेऊन आला होता. त्याला गोष्ट सांगितली. त्याने लगेच विचारलं, "मग तिकडची पोरं गप बसतील होय?"

नाही बसणार! मुलं न्यायाचा प्रश्न असा थेट विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहायला मला आवडतं. माझ्या कच्च्या आराखड्यात काळ्या वेशातला एक दुष्ट राजा होता. रिक्षात बसल्या बसल्याच त्याला काढून टाकला. आता कार्ड चोरतो तो पलीकडच्या नगरातला, लावण्याच्याच वयाचा मुलगा. त्याच्या घरातला दिवा तिने विझवलाय आणि तिला ते ठाऊकही नाही.

रात्री पाचवं प्रकरण त्याच्या बाजूने लिहायला घेतलं. दोघं खंदकात समोरासमोर आली की काय करतील, ते ठरायचंय.